आठ चपला आणि एक भरती

मासे धरायच्या सापळ्यात सापडलेली मी ही बहरीनमधली विमा कंपनीची पहिलीच असिस्टंट मॅनेजर असावी. (खात्री देत नाही. अशा नोंदी कोणी ठेवत नाही, आणि त्या दिवशी ज्यांनी माझे फोटो काढले ते माझ्या ओळखीचे नव्हते. देवाची कृपा!)

पण सुरुवात सापळ्यापासून नको, आबांपासून करते. आबा म्हणजे माझे वडील. वय शहात्तर, राहणार देवगडच्या बाजूला, आम्ही गाबीत, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मासेमार. आबांना मुली दोन. एक मी आणि एक होडी. दोघींचं नाव सुनंदा. होडी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, त्यामुळे माझं नाव तिच्यावरून ठेवलं, तिचं माझ्यावरून नाही. लहानपणी आबा घरात येऊन "सुनंदेक भोक पडला" म्हणाले की आई चूल सोडून धावायची, आणि मी ताटावर बसून नुसती स्वतःला चाचपायची.

आई गेली त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. सकाळी जाळं शिवताना छातीत कळ आली म्हणाली आणि दुपारी नव्हतीच. मी बहरीनहून निघून, मुंबईत उतरून, गावी पोचले तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. अंगणात तिने अर्धवट शिवलेलं जाळं तसंच पडलं होतं आणि त्यात लाकडी सुई अडकलेली. आबांनी ती सुई काढून रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली. होडी किनाऱ्यावर ओढून तिच्यावर झावळ्या घातल्या. त्यानंतर आबा समुद्रावर गेले नाहीत, मासे खाल्ले नाहीत, आणि बोलायचंही त्यांनी जवळजवळ सोडलं.

मग मी त्यांना बहरीनला घेऊन आले. व्हिजिट व्हिसावर आणले, पण मनात बेत कायमचा होता. हमद टाउनच्या आमच्या घरात त्यांना समोरची खोली दिली, टीव्हीवर मराठी चॅनल लावून दिले. आबा दिवसाला सरासरी सहा शब्द बोलायचे. त्यातले दोन "नको" आणि "नको".

"आबा, इथे सलमानियाला केवढं मोठं हॉस्पिटल आहे, माहितीये?"

"माका काय झालाहा?"

"झालं नाही, पण झालं तर?"

"झाला तर घराकडे होउंदे."

(हे एकदम सहा-सात शब्द झाले. पुढचे दोन दिवस मौन.)

अशात मला गावाकडून एका रिसॉर्टवाल्याचा फोन आला. नंबर माझ्या चुलतभावाने दिला होता. त्याला आमची होडी हवी होती. पाण्यात घालायला नाही, बागेत ठेवायला! "तिच्यात माती भरून सदाफुली लावू, ताई. रात्री दिवे सोडू. लोक येऊन सेल्फी काढतील. तशी कुजत पडण्यापेक्षा जपली तरी जाईल की नाही?" मला त्याचं म्हणणं पटलं. खोटं कशाला सांगू, मला दुसरंही काहीतरी पटलं होतं: होडी गेली की आबांना परत जायला कारण उरणार नाही. मी "हो" म्हटलं. फोन ठेवला. आणि मग लक्षात आलं की होडी आबांची आहे.

महिना झाला तरी मी आबांना सांगितलं नव्हतं. ऑफिसात मी लोकांचे दावे नामंजूर करते, तोंडावर, हसतमुखाने. पण घरी वरण वाढताना रोज "आबा, एक सांगायचं होतं" म्हणायचे, आणि आबांनी वर पाहिलं की "मीठ बरोबर आहे ना?" विचारायचे.

शेवटी मी एक डाव रचला. बेटाच्या पश्चिमेच्या किनाऱ्यावर मासेमारांची एक जुनी वस्ती आहे. आता तिथे कोणी राहत नाही, पण वस्ती तशीच्या तशी जपून तिचं जिवंत संग्रहालय केलं आहे. झावळ्यांच्या झोपड्या, जुन्या होड्या, सापळे, आणि सुट्टीच्या दिवशी एक खरा म्हातारा मासेमार बसून जाळं दुरुस्त करून दाखवतो. म्हटलं, आबांना तिथे न्यावं. किनाऱ्यावर दिमाखात उभी असलेली होडी दाखवावी आणि हळूच म्हणावं, "बघा आबा, किती छान जपतात! आपली पण अशीच जपू या का?" बेत इतका चोख होता की मला माझाच अभिमान वाटला. (मला माझा अभिमान वाटतो तेव्हा घरातली माणसं इन्शुरन्सची कागदपत्रं शोधून ठेवतात.)

शुक्रवारी निघालो. जानेवारीचा दिवस, आभाळ राखेसारखं, धुळीचा वारा. गाडी मी चालवत होते. शेजारी सतीश, माझा नवरा, इंजिनिअर, जन्म पुण्याच्या पेठेतला. पाण्याशी संबंध बादलीपुरता. मागे आबा आणि आमची पंधरा वर्षांची रेवा, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत येतं. हमद टाउनमध्ये रस्त्यांपेक्षा गोल चौक जास्त. चौथ्या चौकाला वळसा घातल्यावर आबांनी त्या दिवसाचा पहिला शब्द उच्चारला.

"किती घुमवतंस?"

मी आनंदाने सतीशकडे पाहिलं. आबा बोलले! शुभशकुन!

तो शकुन वस्तीच्या दारापर्यंत टिकला. आत शिरलो तर झोपड्यांत पंख्याचा वारा, टोपलीत लपवलेल्या स्पीकरमधून खलाशांची गाणी, आणि सुपात मांडलेले प्लॅस्टिकचे मासे. आबांनी एक मासा उचलला, डोळ्यांपाशी नेला, उलटा केला, पोटाखाली छापलेलं कारखान्याचं नाव बघितलं आणि जागेवर ठेवून दिला.  मयताच्या घरी आल्यासारखे हात मागे बांधून चालत राहिले. आमच्यापुढे वीसेक पर्यटकांचा घोळका होता आणि त्यांच्यापुढे मायक्रोफोन घेतलेली एक तरुण बहरीनी गाइड.

किनाऱ्यावर ती होडी होती. लाकडी, लांब, दोन्ही बाजूंनी टेकू देऊन उभी केलेली, पॉलिश इतकं चकचकीत की तिच्यात बघून टिकली नीट करावी. पाणी तिथून सात-आठ पावलांवर. जवळ पाटी: हात लावू नये. आबांनी पाटी वाचली नाही, कारण त्यांचं लक्ष होडीकडे होतं. त्यांनी आधी चपला काढल्या, मग नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, हात लावला आणि कपाळ टेकलं.

आमच्याकडे होडीला चपला घालून शिवत नाहीत. देव्हाऱ्यात जाल का चपला घालून? तसंच ते. मी पण चटकन माझ्या कोल्हापुरी काढल्या. नव्या होत्या, गेल्या खेपेला हौसेने आणलेल्या.

"काढा चपला," मी बाकीच्यांना म्हटलं.

"इथे तशी पाटी कुठे आहे?" सतीश म्हणाला. (पेठ बोलली!)

"मॉम, इट्स अ म्युझियम, नॉट अ टेंपल!"

"काढ म्हटलं ना!"

चार माणसांच्या आठ चपला वाळूत ओळीने लागल्या. सतीशच्या बुटांना मोजे होते, ते त्याने घडी करून बुटात कोंबले. माझी पर्स गाडीत, माझ्या कुर्त्याला खिसा नाही, आणि हातात गाडीची किल्ली. म्हणून मी ती सतीशच्या डाव्या बुटात, मोज्याखाली सरकवली. तुम्हाला हसू येईल, पण यामागे विचार होता. सतीशच्या मोज्याखालची वस्तू चोरायला माणूस मनाने फार खंबीर लागतो!

आबांनी पाण्याकडे पाहिलं. मग चपलांकडे.

"चपले वर ठेवा. पाणी येतला."

आठ महिन्यांत आबांनी आपणहून दिलेला हा पहिला सल्ला. आणि मी काय केलं? रेवाच्या हातातला मोबाइल घेतला!

"नाही हो आबा. ॲपवर भरती केव्हाच होऊन गेलीये. आता ओहोटी. मी पण गाबताचीच पोर आहे, मला कळत नाही का?"

आबांनी होडीकडे तोंड फिरवलं. (ॲप बिचारं खरंच बोलत होतं. फक्त ते मनामाच्या बंदराची भरती सांगत होतं, आणि आम्ही होतो बेटाच्या दुसऱ्या अंगाला, जिथे भरतीला यायला तिच्या सवडीने काही तास उशीर होतो. हे मला नंतर कळलं. आबांना पाण्याकडे बघून कळलं होतं.)

आता माझ्या डावाची वेळ आली होती. मी घसा साफ केला. "काय सुंदर ठेवलीये ना, आबा? एकही फळी कुजली नाही."

आबा होडीभोवती एक फेरी मारून आले. टेकूंना हात लावून बघितला.

"हिका मारून उभी केल्यानी हा," ते म्हणाले.

घशाशी आलेलं वाक्य मी आवंढ्यासकट गिळलं.

शेजारच्या झावळ्यांच्या मांडवात तो म्हातारा मासेमार बसला होता. नाव अबू यूसुफ, वय आबांच्याच आसपासचं, पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरलेलं. आबा अनवाणीच तिथे गेले आणि काही न विचारता त्याच्यासमोर बसले. अबू यूसुफने त्यांच्या हातांकडे पाहिलं, त्या हातांवरच्या दोरीच्या घट्ट्यांकडे, आणि जाळ्याचं दुसरं टोक त्यांच्याकडे सरकवलं.

"हिंदी?" त्याने विचारलं. म्हणजे हिंदुस्थानचा का.

"कोकण," आबा म्हणाले.

"बॉम्बे हम पहले बहुत गया. तुम नाखुदा?"

"नाखवा," आबांनी मान डोलवली. तेवढ्यावर त्यांची मुलाखत संपली आणि मैत्री सुरू झाली. आबांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून आईची सुई काढली आणि जाळ्याला पहिला टाका घातला. मी मान दुसरीकडे वळवली. वाऱ्यात धूळ फार होती.

आम्हाला कॉफी आली, खजूर आले. तास गेला. दोघं म्हातारे एकमेकांशी अवाक्षर न बोलता जाळं शिवत होते, आणि मी चौथ्यांदा मनात वाक्याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात रेवा म्हणाली,

"मॉम, व्हेअर आर अवर शूज?"

आठ चपला ठेवल्या होत्या तिथे ओली वाळू होती. भरती येऊन, आमचं सामान उचलून, परतीला लागली होती. समोर पाण्यात वरात चालली होती! पुढे सतीशचे दोन बूट, मागे रेवाचे गुलाबी क्रॉक्स, त्यांच्या मागे आबांच्या रबरी चपला आणि सर्वांत शेवटी, अर्धवट बुडत, माझ्या कोल्हापुरी.

"गाडीची किल्ली!" मी किंचाळले.

"किल्ली कुठाय?" सतीश म्हणाला.

"तुझ्या डाव्या बुटात!"

"माझ्या बुटात? का?"

"चोर नेईल म्हणून!"

यावर सतीश काही बोलला नाही. पुण्याचा माणूस गप्प बसतो तेव्हा तो मनात पाटी रंगवत असतो.

आता तिथल्या सापळ्याबद्दल सांगते, कारण इथून पुढे मी त्यातच आहे. त्याला तिकडे हद्रा म्हणतात. उथळ समुद्रात काठ्या रोवून, त्यांना जाळी लावून एक लांबच लांब कुंपण करतात. ओहोटीबरोबर निघालेले मासे कुंपणाला अडतात, कुंपणाच्या कडेकडेने जात राहतात आणि टोकाच्या गोल खोलीत शिरतात. खोलीचं दार म्हणजे आतल्या बाजूला वळलेली एक चिंचोळी फट. आत जाताना ती अंग देते, बाहेर येताना नाही. मग पाणी उतरतं, मासे चिखलात राहतात, आणि मासेमार चालत जाऊन त्यांना गोळा करतो. साधी युक्ती. हजारो वर्षं मासे तिला फसतात, कारण मासे विचार करत नाहीत.

आमच्या चपला कुंपणाच्या कडेकडेने निघाल्या. मी सलवार वर खोचली आणि त्यांच्या मागे निघाले. पाणी गुडघाभर होतं. कोल्हापुरी मी हात पुढे करेपर्यंत बुडाल्या. उजवीचा अंगठा पायाला लागला म्हणून ती सापडली, डावी नाही. रेवाचे क्रॉक्स धरले, आबांच्या चपला धरल्या, काखेत मारल्या. सतीशचे बूट मात्र फटीतून सरळ खोलीत शिरले. त्यांच्या मागे मीही पोट आत घेऊन शिरले. फटीने अंग दिलं! बूट धरला, मोजा उपसला, किल्ली हाताला लागली. मी विजयाने हात उंच केला, किनाऱ्याकडे वळले, आणि फटीकडे निघाले.

फटीने अंग दिलं नाही.

आडवी शिरून पाहिलं, तिरकी शिरून पाहिलं. जाळीचं टोक कुर्त्यात घुसलं. मागे सरले तर पाय चिखलात पोटरीपर्यंत रुतले. एक काढावा तर दुसरा आणखी खाली. पाणी तर उतरतच होतं. म्हणजे बुडण्याचा प्रश्न नव्हता, बुडणार होती ती फक्त अब्रू.

"सुनंदा, घाबरू नकोस!" सतीश किनाऱ्यावरून ओरडला. "तू जिथून आत गेलीस ना, तिथूनच बाहेर ये!"

"हे तू माशांना सांगितलं असतंस तर हा धंदा केव्हाच बंद पडला असता!"

तेवढ्यात गाइड घोळक्याला घेऊन किनाऱ्यावर आली. तिचं पाठ केलेलं वाक्य चालूच होतं, हद्र्यात शिरलेल्या माशाला परतीची वाट सापडत नाही वगैरे, आणि हात करून तिने सापळा दाखवला. वीस माना वळल्या. वीस मोबाइल वर झाले.

"लेडीज अँड जेंटलमेन, प्लीज!" ती घाईघाईने म्हणाली. "दिस इज नॉट पार्ट ऑफ द टूर!"

कोणी ऐकलं नाही. एका आजोबांनी तर मला हात हलवायची खूण केली. आणि मी हलवला! (आपण पाहुण्यांशी उद्धट वागत नाही.)

बघता बघता पाणी घोट्याखाली उतरलं, आणि मग चिखलातून दोन म्हातारे येताना दिसले. अबू यूसुफच्या पाठीला टोपली, आबांची पँट मांडीपर्यंत गुंडाळलेली. चिखलावरून ते असे येत होते की जणू फरशीवरून चालताहेत. एका बाजूची जाळी खालून उचलून दोघं आत शिरले. मला वाटलं, आता मला ओढणार. मी हात पुढे केला.

"पहले मछली," अबू यूसुफ म्हणाला. "मछली खराब होता. तुम खराब नहीं होता."

आबांनी गंभीरपणे मान डोलवली आणि दोघं वाकून मासे वेचू लागले! माझ्या पायांशी बरेच मासे तडफडत होते. आबांच्या हातात मासा आठ महिन्यांनी आला. मी बघत होते. बोटं विसरली नव्हती.

"ह्यो धर," आबांनी एक मासा माझ्या हातात दिला.

माझं काय झालं कोण जाणे. चिखलामुळे असेल, त्या राखाडी उजेडामुळे असेल. माणूस रुतलं की खरं बोलतं.

"आबा, मला एक सांगायचंय."

"दुसरो धर."

"आबा, मी त्या रिसॉर्टवाल्याला होडी देते म्हणून सांगितलंय!"

दोन्ही मासे हातातून सुटले. आबांनी ते शांतपणे उचलले आणि टोपलीत टाकले.

"म्हायत आसा."

"काय?"

"तेना आधी माका फोन केल्लो. मी नाय म्हटलंय. मगे तेना तुका केल्यान."

"मग तुम्ही महिनाभर काही बोलला का नाहीत?"

"तू कधी सांगतंस तां बगत होतंय."

म्हणजे रोज वरण वाढताना मी मीठ विचारत होते तेव्हा समोर बसलेल्या माणसाला सगळं ठाऊक होतं! मला रडू यायला लागलं. हातात चिखल, त्यामुळे डोळेही पुसता येईनात.

"आईच्या वेळी मी पोचले नाही, आबा. तुम्ही इथे जवळ असलात तर निदान..."

आबा कंबर धरून सरळ झाले. किनाऱ्यावरच्या त्या चकचकीत होडीकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"तेव्हा तू पोचलंस नाय, तां तुझ्या हातात नव्हता. म्हणान आता माका टेकू देवन हंय उभो करून ठेवतलंस?"

 अबू यूसुफला भाषा कळत नव्हती, तरी त्याने मान खाली घातली आणि उगीच टोपलीतले मासे मोजल्यासारखं केलं.

"आता पड," आबा म्हणाले.

"कुठे पडू?"

"चिखलात. पोटार. उभी रवलंस तर रुततलंस."

"आबा, लोक फोटो काढताहेत!"

"तुका भायर येवचा आसा की फोटोत बरा दिसाचा आसा?"

मी पडले. अठ्ठेचाळीस वर्षांची असिस्टंट मॅनेजर, हापूसच्या पेटीतल्या आंब्यासारखी अलगद, पोटावर. पाय सुटले. अबू यूसुफने फटीची जाळी वर उचलून धरली आणि मी कोपरांवर सरपटत तिच्याखालून निघाले. किनाऱ्यावर टाळ्या झाल्या. सतीश "शाब्बास!" म्हणून ओरडला. आणि पाठीमागून एक आवाज आला. आधी वाटलं खोकला आहे. वळून पाहिलं तर आबा हसत होते. कमरेवर हात, तोंड वर, दात नसलेली बाजू उघडी टाकून हसत होते. हसत हसत त्यांनी समुद्राकडे तोंड फिरवलं आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. तेव्हाही ते हसतच होते का, ते मी विचारलं नाही.

किल्लीने गाडी उघडली, पण सुरू होईना. किल्लीने भरपूर समुद्र प्यायला होता. शेवटी अबू यूसुफने त्याच्या पिकअपमधून आम्हाला घरी सोडलं. मला सीटवर प्लॅस्टिक अंथरून बसवलं आणि मांडीवर मासळीची पिशवी दिली. हमद टाउनचा एकेक गोल चौक आम्ही त्या वासासकट घेतला. दारात शेजारीण उभी होती.

"पिकनिक?" तिने विचारलं.

"खलास," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी आबा स्वयंपाकघरात आले.

"तिरफळा आसत?"

आईने शेवटची पाठवलेली होती, डबीच्या तळाला चार. मी ती जपून ठेवली होती. आबांनी चारही घातली. मासे त्यांनीच साफ केले, कालवण त्यांनीच केलं. आईच्या हातचं झालं नव्हतं. कोणी तसं म्हणालं नाही, सगळ्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला. हात धुताना आबा म्हणाले,

"तिकीट काढ."

मी काढलं. तीन आठवड्यांनी आबा गेले. विमानतळावर त्यांनी मला फक्त "ये" म्हटलं. कधी, ते नाही.

रिसॉर्टवाल्याला मी फोन करून नकार दिला. तो अजिबात नाराज झाला नाही. त्याला आमच्याच वाडीतली दुसरी होडी मिळाली होती. तिचा मालक माझ्या ओळखीचा, आबांबरोबर समुद्रावर जायचा. आता तिच्यात सदाफुली आहे म्हणतात.

गावी पोचल्यावर आठवड्याने आबांचा फोन आला. होडी झावळ्यांखाली सुकून फळ्यांच्या फटी मोठ्या झाल्या होत्या. आबांनी ती खाडीत नेऊन मुद्दाम पाण्याखाली बुडवून ठेवली होती.

"बुडवलीत?"

"लाकूड फुगाक व्हया. पंधरा दिवस बुडलेली रवात, मगे काढतलंय."

"आणि तरी गळली तर?"

"मी पण गळतंय. चलता."

होडी वर आली. गळते. आबा एका हाताने पाणी उपसत किनाऱ्याकिनाऱ्याने जातात, फार लांब नाही. मी रोज फोन करते. उचलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो, आणि उचलल्यावर ते म्हणतात, "जिवंत आसंय. ठेव."

परवा पुण्याहून सासरची मंडळी आली होती. त्यांना बहरीन दाखवताना त्या वस्तीत न्यावं लागलं. मी गॉगल लावला, डोक्यावरून ओढणी घेतली, गाइडने ओळखू नये म्हणून. तिने ओळखलं नाही. ती घोळक्याला एका काचेच्या नव्या पेटीपाशी घेऊन गेली. हद्र्याच्या चिखलात सापडलेल्या जुन्या वस्तू होत्या त्यात. गंजलेला गळ, मडक्याचा काठ, शिशाची वजनं. आणि मधोमध, मखमलीवर, दिव्याच्या झोतात, माझी डावी कोल्हापुरी!

खाली पाटी होती. सतीशने ती मोठ्याने वाचली, कारण पाटी दिसली की तो वाचतो. भारताशी असलेल्या जुन्या सागरी व्यापाराची खूण. पारंपरिक पादत्राण. काळ अनिश्चित.

"ही तुझ्यासारखीच आहे गं," सासूबाई म्हणाल्या.

"हो का?" मी म्हटलं, आणि उजवी अजून घरात का ठेवली आहे या विचारात पुढे सरकले.

दोन सुनंदांपैकी एकीला म्युझियमात बसवायचा घाट मीच घातला होता. होडी सुटली, आबा सुटले. मीच तेवढी बसले आहे तिथे काचेत, डाव्या पायापुरती. आणि पाटी आहे: हात लावू नये.